एक मोळी आणि चार कॅल्झोने

नसरापूर फाट्यावरून आत वळल्यापासून वेल्ह्यापर्यंत 'चुलीवरचं' हा शब्द किती पाट्यांवर दिसतो, ते एकदा मोजून बघा. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरचं पिठलं, एवढंच काय, चुलीवरचा चहासुद्धा. (तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, पण पुण्यातून गाडी काढताना आम्ही अजून 'वेल्ह्याला चाललो' असंच म्हणतो.) गेल्या काही वर्षांत त्यात फार्महाऊसवाल्यांच्या मातीच्या भट्ट्यांची भर पडलीय. अंगणात एक घुमट, त्याला एक तोंड, आत जाळ, आणि शनिवारी संध्याकाळी पुण्याहून आलेली हापिसातली मंडळी लांब दांड्याच्या फळीने आत पिझ्झे सारतायत असं दृश्य. माझ्या एका मित्राच्या जागेवरही अशी भट्टी आहे, आणि तिथल्या प्रयोगांत अस्मादिक हौसेने सामील असतात.

तर मंडळी, मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच सटकता येईल. लाकडाची भट्टी ही फार सुंदर वस्तू आहे, पण ती एका घरासाठी बांधू नये. दहा-पंधरा घरं मिळून वापरणार असतील तरच बांधावी. आणि 'चुलीवरची चव' या नावाखाली जे काही विकलं जातं, त्यातला धूर कोणाच्या छातीत जातो हेही एकदा विचारावं. आता हे मत कुठून आलं ते सविस्तर.

सुरुवात कॅल्झोनेपासून करू. (इटालियन लोक 'काल्त्सोने' म्हणतात. आपण मेन्यूकार्डावरचं म्हणू.) हा पदार्थ नेपल्सचा. पिझ्झ्याचीच कणीक, पण गोल लाटून एका अर्ध्या भागावर सारण ठेवायचं, दुसरा अर्धा भाग त्यावर दुमडायचा आणि कडा बंद करायच्या. शब्दाचा अर्थ पाटलोणीचा पाय. म्हणजे थोडक्यात काय, तर भट्टीत भाजलेली, हातभर मोठी, तिखटमिठाची करंजी. ज्या घरात दिवाळीला करंज्या होतात त्या घराला कॅल्झोनेची भीती वाटायचं काही कारण नाही. उलट एका बाबतीत आपण पुढेच आहोत. पुस्तकांतून कडा काट्याने दाबायला सांगतात. आपल्या आज्या कडेला जी मुरड घालतात ती घातली तर सारण फुटून बाहेर येण्याचा प्रश्नच मिटतो.

आता भट्टीकडे. पिझ्झा की कॅल्झोने, हा प्रश्न चवीचा आहे असं लोकांना वाटतं. खरं तर तो तापमानाचा आहे. नेपल्सचा अस्सल पिझ्झा साडेचारशे अंशांच्या आसपास साठ ते नव्वद सेकंदांत होतो. तिथल्या पिझ्झावाल्यांची संघटना १९८४ साली स्थापन झाली आणि तिने याचे काटेकोर नियमच करून ठेवले. २०१७ साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. पण तो पातळ असतो म्हणून नव्वद सेकंद पुरतात. कॅल्झोने दुपदरी, मध्ये गार सारण. साडेचारशेला टाकलात तर बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. त्याला तीनशेच्या आसपासची फरशी आणि आठ-नऊ मिनिटं लागतात, मध्ये एकदा फिरवायचा. हौशी माणसाच्या भट्टीला आणि हौशी माणसाच्या हाताला हे जास्त मानवतं. नव्वद सेकंदांच्या खेळात वीस सेकंद गप्पा मारल्या तर पिझ्झा गेला. नऊ मिनिटांत वीस सेकंदांनी काही बिघडत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅल्झोनेची टॉलरन्स मोठी आहे.

भट्टी चालते कशी, हे समजून घेणं महत्त्वाचं, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे. चुलीत आपण जाळ लावतो आणि जाळावर भांडं ठेवतो. जाळ विझला की स्वयंपाक संपला. भट्टीत जाळाने अन्न शिजत नाही, विटा तापतात. दोन-तीन तास आत लाकडं जाळायची. आधी घुमट आतून काजळीने काळाकुट्ट होतो, मग साधारण साडेतीनशेच्या पुढे गेला की ती काजळी जळून जाते आणि विटा परत उजळ दिसायला लागतात. हाच खरा थर्मामीटर. मग निखारे एका बाजूला सारायचे किंवा ओढून बाहेर काढायचे, फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि मगच पदार्थ आत. तेव्हापासून विटांनी साठवलेली उष्णता हळूहळू परत मिळत राहते. चूल म्हणजे रोजची मजुरी, भट्टी म्हणजे मुदत ठेव. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवायची, असा बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तोंड त्याहून मोठं झालं तर उष्णता पळते, लहान झालं तर जाळ गुदमरतो.

वेल्ह्यासारख्या भाताच्या मुलखात एक गोष्ट मात्र फुकटात मिळते, ती म्हणजे तूस. चिकणमातीत भाताचं तूस कालवून घुमटावर बाहेरून जाड थर दिला, की आतल्या बाजूचं तूस तापून जळतं, मागे बारीक पोकळ्या राहतात आणि छान उष्णतारोधक थर तयार होतो. शहरात लोक यासाठी महागडी घोंगडी विकत आणतात. शिवाय भट्टीवर छप्पर हवंच. तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस मातीचा घुमट एका मोसमात विरघळवून टाकेल. आणि पावसाळ्यानंतर पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नये. तीन-चार दिवस लहान लहान जाळ करून ओल काढायची, नाहीतर अडकलेली वाफ भिंतीला तडे देते. ओढ्यातले गोल धोंडे आत फरशीला वापरू नयेत, ओल धरलेला दगड तापल्यावर फुटतो.

आता कृती, थोडक्यात. एक किलो मैदा, सहाशे ग्रॅम पाणी, वीस ग्रॅम मीठ, अगदी चिमूटभर यीस्ट. आदल्या रात्री मळून ठेवायचं. अडीचशे ग्रॅमचा एक गोळा, त्याची वीतभराहून थोडी मोठी पोळी. फळीवर पोळी चिकटू नये म्हणून तांदळाचं पीठ भुरभुरवायचं. मैद्यापेक्षा ते कमी जळतं आणि इथे घरोघरी असतं. सारण कोरडं हवं, हा एकच नियम पाळा. दूध फाडून काढलेला ताजा छाना बांधून निथळवून, त्यात लसूण, मिरी आणि थोडं चीज. पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकळा किंवा कुर्डूची कोवळी पानं मिळाली तर लसणावर परतून, पाणी घट्ट पिळून घालायची. मांसाहारी मंडळींनी खिमा पूर्ण आटवून घ्यावा. वरून दोन चिरा द्यायच्या, वाफ जायला. करंजीला भोक पडलं तर तेल आत जातं म्हणून आपण जीव मुठीत धरतो, इथे मुद्दाम पाडायचं. बास. बाकी काम विटांचं.

इथपर्यंत सगळं मजेचं. मुद्दा पुढे आहे.

मित्राच्या जागेच्या खालच्या वस्तीवरून एक मावशी येतात, भाताची कामं आणि बाकी देखरेख बघतात. एका शनिवारी भट्टी पेटवायची तयारी चालली होती. लाकडं रचलेली होती, सुमारे वीस किलो. मावशींनी विचारलं, "किती जणांचं करायचंय?" म्हटलं, चौघांचं. त्या लाकडांकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या सरपणात माझं चार दिवस निघत्यात." आणि भाताकडे निघून गेल्या. टोमणा नव्हता, नुसता हिशेब होता. वीस किलो म्हणजे एक मोळी. डोक्यावरून डोंगरातून आणायची तर बाईचा निम्मा दिवस.

हिशेब म्हटल्यावर इंजिनियर माणसाला राहवत नाही. चला, करू. वाळक्या लाकडात किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल ऊर्जा असते. वीस किलोची झाली ३००. हे आकडे डोक्यात बसत नसतील तर असं बघा: ३०० मेगाज्यूल म्हणजे विजेच्या मीटरवरचे ८३ युनिट. किंवा साडेसहा किलो एलपीजी, म्हणजे घरचा जवळजवळ अर्धा सिलिंडर. आता कॅल्झोनेला प्रत्यक्षात किती लागते? तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा गोळा तीस अंशांवरून पंच्याण्णवपर्यंत न्यायचा आणि त्यातलं तीसेक ग्रॅम पाणी वाफ करून उडवायचं. एकाला सुमारे ०.१३ मेगाज्यूल, चौघांचे मिळून अर्धा. म्हणजे तीनशे खर्च केले आणि अर्धा अन्नात गेला. सहाशेतला एक! उरलेलं सगळं विटा तापवण्यात आणि आभाळात.

मातीच्या साध्या चुलीला आपण मागास म्हणतो. तिची कार्यक्षमता साधारण दहा टक्के धरतात, म्हणजे दहातला एक भाग भांड्यात. चौघांसाठी पेटवलेली आपली देखणी भट्टी त्या चुलीपेक्षा साठपट उधळी निघाली. आमच्या धंद्यात एखाद्याने चार ओळींचा रिपोर्ट काढायला अख्खा डेटाबेस मेमरीत ओढला, तर त्याला कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात. इथे मात्र त्याला 'अस्सल', 'नैसर्गिक', 'गावाकडचं' वगैरे म्हणतात.

यावर 'म्हणजे भट्टी वाईट' असं उत्तर काढायची घाई करू नका. तोच हिशेब पुढे चालवा. खर्च विटा तापवण्याचा आहे, आणि तो एकदाच करायचा असतो. तापलेल्या भट्टीत चार कॅल्झोने घालाल तरी तेवढाच, बारा घालाल तरी तेवढाच. त्यानंतर भट्टी सव्वादोनशे-अडीचशेवर उतरते, तेव्हा पाव. दोनशेच्या खाली आली की नानकटाई आणि बिस्किटं. दीडशेला भोपळा, रताळी, झाकलेल्या मडक्यातलं मटण. रात्री तोंड बंद करून ठेवली तर सकाळपर्यंत हुलगे किंवा वाल सावकाश शिजलेले. आणि शेवटी त्याच ऊबेत पुढच्या वेळची लाकडं वाळवायला ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत पेटवलीत तर विटा आधीच गरम, लाकूड निम्म्यावर येतं. दहा-पंधरा घरांचे डबे, तवे, मडकी अशी एकामागून एक आत गेली, तर ही भट्टी कशीबशी चुलीच्या पंक्तीला येऊन बसते. शिवाय भाजण्याचं जे काम चूल करूच शकत नाही ते करते. याला आम्ही बॅच प्रोसेसिंग म्हणतो. जगातल्या सगळ्या जुन्या भट्टीवाल्यांना हे संगणकाच्या आधी शेकडो वर्षं ठाऊक होतं.

कारण भट्टी मुळात कधी खाजगी नव्हतीच. युरोपात मध्ययुगात फ्रान्सच्या खेड्यांत जमीनदाराची एकच भट्टी असे, गावाने पाव तिथेच भाजायचा आणि वर त्याचा कर द्यायचा. ही सक्ती लोकांना जाचक वाटे आणि फ्रेंच राज्यक्रांतीत ती गेलीही. पण एका भट्टीत सगळ्या गावाचा पाव, हे गणित जुलमाचं नव्हतं, सरपणाचं होतं. मोरोक्कोत आजही गल्लीतल्या भट्टीवर घरोघरची कणीक जाते आणि भाजलेल्या रोट्या परत येतात. आपल्या शेजारी गोव्यात पोदेर काय करतो? घुमटाच्या भट्टीत लाकडं जाळतो, निखारे बाहेर ओढतो आणि मग एकामागून एक उंडे, पोई, कांकणं आत ढकलतो. पहाटे एक भट्टी पेटते आणि अख्ख्या वाड्याचा नाश्ता सायकलवरून दारात येतो. घराघरात पाव भाजण्याची हौस गोव्याने केली असती तर डोंगर कधीच बोडके झाले असते.

आणि गोव्याला तरी कशाला जायला हवं? ज्यांचं लहानपण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी गेलंय, त्यांना आठवेल: मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी घरून मैदा, साखर, डालडा असा शिधा घेऊन बेकरीत जायचं. रांग लावायची. बेकरीवाला पीठ मळून द्यायचा, पत्रे भरायचे, आणि भट्टी रिकामी होईल तसा आपला नंबर. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी, आणि नंबरासाठी दोन बायकांचं झालेलं भांडणही त्यासोबत. मजुरी किलोवर. ही आपली सार्वजनिक भट्टी होती. आपण तिला कधी 'वारसा' म्हटलं नाही, युनेस्कोला कळवलं नाही, म्हणून ती आपल्या लक्षातच येत नाही, एवढंच.

उघड्यावरच्या जाळाचे आपले बाकीचे प्रकारही बघा. देशावर हुरडा भाजतात तो आगटीत. जमिनीत खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव, भोवती पंधरा-वीस माणसं. मढे घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेलं की थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. कोणी एकट्यासाठी पोपटी लावलेली ऐकलीय का? उघड्यावर एवढा मोठा विस्तव करायचा तर माणसंही तेवढी हवीत, हे आपल्याकडे कोणी शिकवायला लागत नव्हतं.

इथे एक हुकमी आक्षेप येतो: "पण ती चव!" यावर जरा स्पष्ट बोलू. भट्टीतल्या पावाची चव धुराची नसते. पाव आत जातो तेव्हा निखारे बाहेर आलेले असतात, धूर केव्हाच गेलेला असतो. चव येते ती चहूबाजूंनी एकसारख्या मिळणाऱ्या कडक उष्णतेमुळे आणि बंद घुमटात कोंडलेल्या वाफेमुळे. कॅल्झोने भाजताना बाजूला जाळ असला तरी धूर घुमटाच्या वरच्या अंगाने तोंडाकडे सरकतो, आणि बंद पोळीच्या आतल्या सारणाला तो भेटतही नाही. तेव्हा 'लाकडाची चव' ही बरीचशी आपल्या मनाची चव आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हा 'आता पावाची चव गेली' म्हणून बरेच उसासे टाकले गेले. बेकरीवाल्यांचा खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवायला हवा. चवीचा मात्र फारसा नाही. दाटीवाटीच्या वस्तीत चोवीस तास धुराडं ओकत ठेवणं आणि मोकळ्या माळावर आठवड्यातून एक दिवस भट्टी पेटवणं या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

धुराची किंमत द्यावी लागते ती चुलीपाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती, ग्रामीण भागात फक्त ४३. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि सिलिंडर गावोगावी पोचले हे खरंच. पण वेल्ह्याच्या वस्त्यांवर जाऊन बघा, चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी असते. टाकी भरायचे पैसे रोख लागतात, मोळीला फक्त अंग लागतं. आणि नेमक्या त्याच रस्त्यावर आपण चुलीपुढे बसलेल्या बाईचा फोटो काढतो, 'काय चव आहे राव' म्हणतो आणि पुण्याला येऊन इंडक्शनवर चहा करतो. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या फोटोत छान चकाकतं.

म्हणून पाटीवाल्या हॉटेलांकडे माझं मागणं साधं आहे. 'चुलीवरचं' म्हणून दर जास्त लावता ना? मग त्यातून चुलीला नीट धुराडं बसवा, आणि चुलीपुढच्या बाईला त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. हे काही रॉकेट सायन्स नाही. पुण्यातल्याच आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली, २००२ साली तिला त्यासाठी अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा सराई कुकर मूठ-दोन मूठ कोळशात घरचा भात-वरण-भाजी वाफेवर शिजवतो. इतकं डोकं लढवलेलं तंत्रज्ञान तासाभराच्या अंतरावर असताना आपण नॉस्टॅल्जिया विकत घेतो.

राहता राहिलं लाकूड. वेल्हे-पानशेतच्या डोंगरांना लाकडाचा इतिहास आहे, आणि तो फार सुखाचा नाही. धरणासाठी रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी कोळशासाठीची तोड डोंगरात शिरली, हे माधव गाडगीळांनी लिहून ठेवलंय. त्यांनी आणि वा. द. वर्तकांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून अभ्यासल्या. आसपासचं जंगल जाऊन देवाच्या नावाने राखलेलं तेवढं उभं, असं चित्र त्यांना ठिकठिकाणी दिसलं. अशा मुलखात शहरी हौसेसाठी डोंगरातली मोळी विकत घेणं म्हणजे त्याच तोडीला नवं गिऱ्हाईक देणं. बांधावर सुबाभूळ लावा. बाएफने ते झाड महाराष्ट्रात पसरवलं ते चारा आणि सरपण यांच्यासाठीच. तोडलं की परत फुटतं. ते पुरेसं वाढेपर्यंत आंब्याची छाटणी, देशावरची बाभूळ. रंग दिलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड वगैरे भट्टीत अजिबात नको, ते विष पावाच्या फरशीवर बसतं. आणि फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं तेव्हा धुराड्याला जाळी लावा, भोवतीचं गवत काढा. त्या दिवसांत वाऱ्यावर गेलेल्या एका ठिणगीला वणवा व्हायला वेळ लागत नाही.

तर प्रस्ताव असा. वेल्हे-भोर भागात ज्यांच्या जागेवर भट्टी आहे किंवा बांधायचा बेत आहे, त्यांनी ती वस्तीच्या वाटेकडे तोंड करून बांधावी. महिन्यातला एक रविवार ठरवावा. सकाळी पेटवायची. दुपारी मालकाचे कॅल्झोने, हवे तेवढे. त्यानंतर भट्टी वस्तीची: पत्रे घेऊन यायचं, पाव, नानकटाई, बिस्किटं, जे हवं ते, बेकरीत असायची तशी रांग. लाकूड मालकाचं, पीठ ज्याचं त्याचं. दिवाळीच्या आधी दोन दिवस लागोपाठ पेटवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी निम्म्या लाकडात काम होतं. मावशींना ही कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले: पत्रे कोण देणार, आणि नंबर कोण लावणार. मोठमोठ्या प्रोजेक्टांच्या पहिल्या मीटिंगमध्येही इतके मुद्द्याचे प्रश्न मी क्वचितच ऐकलेत. पत्रे मित्र देणार आहे. नंबर मावशी लावणार आहेत.

'पण आम्ही चौघंच असतो, आम्हाला गर्दी नको' म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यासाठीही उत्तर आहे, आणि तेही नेपल्सचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे भट्टी आणि चीज दोन्ही गरिबांना परवडेना, तेव्हा बायकांनी तीच पोळी भरून, दुमडून कढईत तळली आणि दारात बसून विकली. खाणाऱ्यांनी पैसे आठ दिवसांनी दिले तरी चालत. म्हणजे बघा, नेपल्सच्या गल्लीतही चार माणसांसाठी भट्टी कोणी पेटवत नव्हतं. चौघंच असाल तर सारण तेच ठेवा, मुरड घाला, आणि गॅसवर कढई चढवा. वीस मिनिटांत होतं, चवही उत्तम लागते, आणि डोंगरातली मोळी डोंगरात राहते.